मागे सरकलेला रिपोर्ट

१

बुधवारी सकाळी साडेनऊला मोठ्या डॉक्टरांचा फोन आला तेव्हा थोरली गच्चीवर चादरी वाळत घालत होती. निवृत्त होऊन तिला चौदा महिने झाले होते. एवढ्या काळात हॉस्पिटलातून तिला एकही फोन आला नव्हता, याचा तिला अभिमान होता आणि खरं सांगायचं तर थोडा रागही होता.

"थोरल्या बाई, तुमच्या धाकटीने घोटाळा करून ठेवलाय," मोठे डॉक्टर म्हणाले. "आज चार वाजता तिच्या बडतर्फीच्या कागदावर मला सही करायची आहे. त्याआधी एकदा येऊन बघाल का?"

थोरलीच्या हातातली चादर हातातच राहिली.

हॉस्पिटलच्या संगणक खोलीत वर्षानुवर्षं दोघीच होत्या. एक थोरली, एक धाकटी. त्यांची खरी नावं पगारपत्रक सोडलं तर कुणाच्या तोंडी नव्हती. धाकटीला कामावर घ्या म्हणून हट्ट थोरलीनेच धरला होता, शिकवलंही तिनेच, आणि जाताना किल्ल्या तिच्याच हातात दिल्या होत्या.

"पण झालंय काय?"

"सोमवारी नवजात बाळांच्या वॉर्डातून एका तीन दिवसांच्या बाळाचं रक्त लॅबमध्ये आलं. कावीळ वाढत्येय असा संशय होता. दहा मिनिटांत वॉर्डात पोचणारा रिपोर्ट सव्वा तासाने पोचला. बाळ ठणठणीत आहे, काळजी करू नका. पण ते आपल्या नशिबाने."

"अहो, संगणक कधीतरी अडतो."

"हा अडला नाही, अडवला गेला. रिपोर्ट तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचा प्राधान्याचा आकडा बदलून कुणीतरी त्याला रांगेत अगदी शेवटी ढकललं. एकदा नाही, तीनदा. आणि तेही धाकटीच्या टेबलावरून."

"ती काय म्हणते?"

"तीच तर पंचाईत आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "ती काहीच म्हणत नाही."

२

हॉस्पिटलात शिरल्यावर संगणक खोलीकडे जायचं तर लॅबमधूनच जावं लागतं. लॅबमध्ये मामा होते. मामा म्हणजे एकतीस वर्षं रक्ताच्या बाटल्या ओळीने लावणारे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. सगळ्या हॉस्पिटलचे मामा, आणि रागावले की सगळ्यांचेच बाप. कानावर लाल पेन्सिल खोचून ते चिठ्ठ्या बघत होते. एका चिठ्ठीवर त्यांनी ठसठशीत वीस लिहून बाटली रॅकच्या पहिल्या खणात ठेवली, दुसरीवर चार लिहून ती मागे सारली.

"थोरल्या बाई! वाट चुकलात की काय?" ते म्हणाले, पण नेहमीसारखे हसले नाहीत. "धाकटीसाठी आलात ना? सांभाळून घ्या हो तिला. पोर गुणी आहे. काय ती समज द्यायची ती देऊन सोडून द्या म्हणावं."

"बघते मामा," ती म्हणाली आणि पुढे गेली.

नव्या व्यवस्थापकाला सगळे पाठीमागे टाय म्हणत, कारण भर उन्हाळ्यातही तो गळ्यातून उतरत नसे. टायच्या टेबलावर एक छापील कागद तयारच होता. "पुरावा," तो म्हणाला आणि कागद तिच्याकडे सरकवला.

कागदावर तीनच ओळी होत्या. अकरा वाजून पाच मिनिटं, दहा. साडेअकरा, पंधरा. बाराला पाच कमी, एकोणीस.

थोरलीला यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती, पण वाचणाऱ्याला सांगायला हवं. संगणकाच्या पोटात एका वेळी ढीगभर कामं चालू असतात आणि काम उपसणारे हात असतात मोजकेच. आता कुणाचं काम हातात घ्यायचं, हे ठरवायला प्रत्येक कामापुढे एक आकडा असतो. गंमत अशी, की आकडा जितका मोठा तितकं काम मागे. शून्य म्हणजे साधा मान. एकोणीस म्हणजे सगळ्यांचं झालं की माझं बघा. शून्याच्या खाली, उण्यात गेलं तर काम पुढे येतं, पण ती परवानगी फक्त मुख्य खात्याला, म्हणजे धाकटीला. बाकी कुणी आपल्या कामाचा आकडा वाढवला तर यंत्र मुकाट्याने ऐकतं आणि कमी करायला गेलं तर तोंडावर नाही म्हणतं.

"हे बदल लॅबच्या सामाईक खात्यातून झालेत," थोरली म्हणाली. "ते खातं धाकटीच्या टेबलावर दिवसभर उघडं असतं. कुणीही केलं असेल."

"टेबलाशी दुसऱ्या कुणी बसायचं नाही असा नियम आहे. आणि त्या वेळी ती जागेवरच होती. हे बघा, तिनेच लिहून दिलंय."

थोरलीने दुसरा कागद वाचला. धाकटीचं अक्षर सुबक होतं. त्या वेळात मी जागेवर होते. मला आणखी काही सांगायचं नाही.

"तुम्ही कुठे होता?" थोरलीने सहज विचारल्यासारखं विचारलं.

टायने टाय सारखा केला. "मी? इथेच. अकरा ते साडेबारा बैठक होती. आकडेवाले होते, आणखी सहा जण होते. कुणी जागचं हललेलं नाही."

"संगणक खोली बाहेरच्या कंपनीला द्यायची, हाच विषय असेल."

"तो एक विषय होता," टाय म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

थोरलीला आवडलं असतं तो चोर निघाला तर. पण सात जणांच्या समोर बसलेला माणूस त्याच वेळी संगणक खोलीत बटणं दाबू शकत नाही, हे तिलाही मान्य करावं लागलं. ती उठली. दाराशी पोचल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रांगेत मागे टाकलेल्या कामाचे हाल व्हायला पुढे कुणीतरी हवंच. रांगच नसेल तर शेवटचा तोच पहिला. मग सोमवारी सकाळी रिपोर्टच्या पुढे उभं तरी कोण होतं?

३

उभं होतं ते आकडेवाल्यांचं काम. आकडेवाले म्हणजे वर्षभरात किती रोगी, कुठला रोग, किती बरे झाले, याची गणितं मांडणारे गृहस्थ. त्यांचा प्रोग्रॅम एकदा सुरू झाला की संगणकाला दुसरं काही सुचू देत नसे. म्हणून थोरलीच्या काळापासून ठरलेलं होतं. आकडेवाल्यांनी दुपारी दोननंतरच काम लावायचं, तेही स्वतःहून दहाचा आकडा देऊन, म्हणजे ते इतरांना वाट देत देत चालेल.

"चुकलं माझं," आकडेवाले दार उघडताक्षणीच म्हणाले. त्यांना विचारायचीसुद्धा गरज पडली नाही. "बैठकीची घाई होती. पावणेअकराला काम सुरू केलं आणि दहा द्यायचं राहिलं. पण त्या रिपोर्टला मी हात लावलेला नाही हो! लावू म्हटलं तरी लागत नाही."

ते खरं होतं. मुख्य खातं सोडलं तर एका खात्याला दुसऱ्या खात्याच्या कामाला हात लावता येत नाही, ही कडी थोरलीनेच घालून ठेवली होती. आणि आकडेवालेही त्याच बैठकीत बसले होते.

"पूर्वी कधी असं झालं होतं?"

"मागच्याच महिन्यात. तेव्हा धाकटीने तिच्या टेबलावरून माझ्या कामाला दहा लावून टाकलं. लगेच रिपोर्ट भराभर सुटायला लागले. मग मला फोनवर असलं झापलं म्हणता! मागून मामांचा हसण्याचा आवाज येत होता. ते तिच्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते म्हणे." आकडेवाल्यांनी घाम पुसला. "मला काढतील का हो?"

"तुम्हाला काढलं तर रोगी मोजायचे कुणी?" थोरली म्हणाली. आकडेवाल्यांना हा विनोद आहे हे कळायला वेळ लागला, पण कळल्यावर त्यांना बरं वाटलं.

धाकटीला वाचनालयाच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. समोर पाण्याचा पेला भरलेला तसाच होता. थोरलीला बघून ती उठली आणि मग काय करावं न कळून परत बसली.

"ताई, तुम्ही कशाला आलात?"

"चादरी वाळत घालायचा कंटाळा आला म्हणून. अगं, तू जागेवर होतीस?"

"होते."

"पंख्याचा आवाज बदलला तरी मान वर करणारी तू. समोर रिपोर्ट तुंबलेत आणि सव्वा तास तू बघत बसलीस?"

धाकटी खाली बघत राहिली. "तसंच समजा."

"या कागदाचा अर्थ कळतोय ना तुला? बाळाचा रिपोर्ट मुद्दाम अडवला म्हणून काढलेल्या बाईला दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात उभं करतील? दारातूनच परत पाठवतील."

"कळतंय, ताई."

थोरलीने खुर्ची ओढली आणि विषय बदलला. शिकवणाऱ्या माणसाला एवढं कळतं, की समोरून उत्तर येत नसलं की प्रश्न बदलावा. "आई कशी आहे? मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ना तिचं?"

"झालं. छान झालं. पट्टी काढल्यावर मला बघून म्हणाली, तू किती वाळलीस गं." धाकटीच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"कधी काढली पट्टी?"

"सोमवा..." धाकटी थांबली.

थोरली तिच्याकडे बघत राहिली. तिसऱ्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या वॉर्डात पट्ट्या अकरा ते बारा याच वेळात काढतात, हे त्या इमारतीत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं.

"म्हणजे तू तिसऱ्या मजल्यावर होतीस," ती हळूच म्हणाली. "मग सांगून का टाकत नाहीस? जागा सोडली म्हणून समज मिळेल, नोकरी राहील. टेबलाशी तू नव्हतीस तर कोण होतं?"

धाकटीने दोन्ही हात जोडले. "ताई, तुमच्या पाया पडते. हा प्रश्न विचारू नका."

४

घड्याळात अडीच वाजले होते. थोरली संगणक खोलीत आली आणि धाकटीच्या टेबलाशी उभी राहूनच लॅबचं खातं उघडलं.

पडद्यावर तिचीच जुनी चौकट होती. दहा वर्षांपूर्वी, लॅबवाल्यांनी साध्या गोष्टींसाठी सारखे फोन करू नयेत म्हणून तिने ती बनवली होती. डावीकडे चालू असलेल्या कामांची यादी, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन, चौकोनावर एकच शब्द, प्राधान्य. त्यात आकडा टाकायचा आणि बटण दाबायचं. कोण काय करतं याची नोंद चौकट स्वतःच ठेवत असे.

टायने छापला होता तो त्या नोंदीचा अर्धाच भाग होता. थोरलीने पूर्ण नोंद उघडली. तिच्यात दोन रकाने होते. माणसाने काय टाकलं आणि यंत्राने काय धरलं.

अकरा पाच. टाकले दहा, धरले दहा. साडेअकरा. टाकले पंधरा, धरले पंधरा. बाराला पाच कमी. टाकले वीस, धरले एकोणीस.

थोरलीने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

वीस? यंत्राला वीस माहीतच नाही. एकोणीस झाले की हद्द संपली. त्याहून मोठा आकडा टाकला तर ते वाद न घालता एकोणीसच धरतं. धाकटीला हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. आकडेवाल्यांनाही माहीत होतं. ज्याला हे माहीत आहे तो माणूस वीस कशाला टाकेल?

आणि तीनदा कशाला? थोरली बोटावर मोजायला लागली. ज्याला रिपोर्ट मुद्दाम मागे टाकायचाय तो पहिल्याच फटक्यात शेवटचा आकडा देईल आणि पसार होईल. हा माणूस पन्नास मिनिटं तिथेच घुटमळत होता. दहा दिले, वाट बघितली. पंधरा दिले, परत वाट बघितली. मग वीस. रिपोर्ट जसजसा रखडत गेला तसतसा हा आकडा चढवत गेला. शिवाय कमी करायचा प्रयत्न एकदाही नाही. केला असता तर यंत्राने नाही म्हटलं असतं आणि तो नकार नोंदीत दिसला असता. कमी करावं हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

शत्रू असं वागत नाही. असं वागतो तो मदत करणारा. मोठा आकडा म्हणजे मोठा मान, असं ज्याला वाटतं तो.

थोरलीने पडद्यावरच्या चौकोनाकडे परत बघितलं. चौकोनावर एकच शब्द होता. कुठला आकडा पुढचा आणि कुठला मागचा, हे तिने दहा वर्षांत कुठेच लिहिलं नव्हतं. आपल्याला माहीत आहे ते सगळ्यांना माहीत असणारच, असं धरून ती बसली होती.

तेवढ्यात काचेपलीकडून लॅबमधून खणखणीत आवाज आला. "अरे, वीस आहे ती, वीस! थिएटरची बाटली आहे! चार नंबरवाल्याला थांबू दे, आधी ही लावा!"

५

मामा एकटे होईपर्यंत थोरली थांबली. मग रॅकशेजारच्या स्टुलावर बसून तिने एक चिठ्ठी उचलली.

"मामा, हे आकडे देता त्याचा नियम काय हो?"

"तुम्हाला माहीत नाही? एक ते वीस. एक म्हणजे निवांत. वीस म्हणजे ऑपरेशन थिएटर नाहीतर तान्हं बाळ. विसाच्या वर काही नाही. तुमचा संगणक यायच्या आधीपासून चालू आहे माझं." मामांची छाती जरा पुढे आली. "एकतीस वर्षांत एक बाटली मागे राहिलेली नाही."

सांगावं तर हा माणूस मोडणार, न सांगावं तर ती पोरगी. पण घड्याळ थांबणार नव्हतं.

"सोमवारी धाकटीच्या टेबलाशी तुम्ही होता."

मामांनी दाराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "हळू बोला. तिच्या आईची पट्टी काढायची होती. पोरगी आज विचारू की उद्या विचारू करत होती. मीच म्हटलं, जा, मी बघतो. आता ती जागेवर नव्हती म्हणून चौकशी लागलीय. मी तोंड उघडलं तर ते सिद्धच होईल. म्हणून गप्प आहे. तुम्हीही कुणाला सांगू नका."

"आणि रिपोर्ट रखडायला लागले तेव्हा?"

"बाळाचा होता हो! मी काय हातावर हात धरून बसणार? मागच्या महिन्यात असंच तुंबलं होतं तेव्हा धाकटीने चौकोनात दहा टाकले आणि गाडी सुटली, मी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून दहा टाकले. नाही झालं. पंधरा टाकले. शेवटी म्हटलं, तान्ह्या बाळाचं आहे, विसाचाच मान आहे त्याचा. वीस टाकले. तरी हलेना. तुमचं यंत्र बिघडलं होतं, दुसरं काय!"

"मामा," थोरली म्हणाली. "मागच्या महिन्यात तिने दहा टाकले ते रिपोर्टपुढे नाहीत. आकडेवाल्यांच्या कामापुढे टाकले."

"म्हणजे?"

"ते काम मागे सरलं म्हणून रिपोर्ट पुढे आले. या यंत्रात मोठा आकडा म्हणजे मागचा नंबर. तुमच्या चिठ्ठ्यांच्या अगदी उलटं."

मामांच्या हातातली पेन्सिल टेबलावर पडली आणि घरंगळत कडेला गेली. ती उचलायचं त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे मी जीव तोडून पुढे ढकलत होतो," ते सावकाश म्हणाले, "आणि ते बाळ मागे जात होतं?"

"हो मामा."

त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. थोरलीने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिलाही रडू येत होतं, पण दोघांनी एकदम रडून भागणार नव्हतं.

"बाळ बरं आहे. मोठ्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलंय मला. पण मामा, ही चौकशी जागा सोडल्याची नाही. धाकटीने रिपोर्ट मुद्दाम अडवला, असा आरोप आहे. चार वाजता तिच्या बडतर्फीवर सही होणार आहे."

"बडतर्फी?" मामा ताडकन उठले. "आणि ती हे बोलली नाही मला?"

"तुमचे निवृत्तीला आठ महिने राहिलेत. तुमच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असणार, हे तिने ओळखलं असेल. म्हणून जागेवर मीच होते असं लिहून दिलं."

"वेडी आहे का ती!" मामा ओरडले. घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती. अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून एकसष्ट वर्षांचा तो माणूस जिन्याकडे धावत सुटला.

६

थोरली धापा टाकत वर पोचली तेव्हा मामा मोठ्या डॉक्टरांच्या टेबलापुढे उभे होते आणि बडतर्फीचा कागद त्यांच्या तळहाताखाली दाबलेला होता. मोठे डॉक्टर हातात पेन धरून त्या तळहाताकडे बघत होते. धाकटी भिंतीशी उभी होती. टाय खुर्चीच्या टोकाला टेकून बसला होता.

"मी केलंय ते," मामा सांगत होते. "पोर आईपाशी डोळ्यांच्या वॉर्डात गेली होती. काढायचं तर मला काढा."

"मामा, नको ना," धाकटी रडवेली होऊन म्हणाली.

"तू गप्प बस. तुझं मी नंतर बघतो."

टाय पुढे सरकला. "साहेब, हे उघडच तिला वाचवायला रचलेलं आहे. मामांचा सगळ्यांवर जीव आहे."

"रचलेलं असेल तर तुमच्या कागदाने आम्हाला फार मदत केली म्हणायची," थोरली म्हणाली. तिने पूर्ण नोंद छापून आणली होती. ती टेबलावर पसरून तिने एकेक ओळ बोटाने दाखवली. टाकले काय, धरले काय. आकडा चढत गेला तो का. कमी करायला एकदाही का बघितलं नाही. आणि सगळ्यांत शेवटी वीस. "धाकटीच्या हातात मुख्य खातं आहे. तिला रिपोर्ट अडवायचा असता तर एका बटणात प्रोग्रॅम बंद पाडला असता, नोंदही पुसली असती. सामाईक खात्यातून, पन्नास मिनिटं लावून, यंत्राला ठाऊक नसलेला आकडा तिने टाकला असता का? आणि ही मुख्य खात्याची नोंद. बारा अठराला आल्या आल्या तिने काय केलं ते बघा. आकडेवाल्यांच्या कामाला दहा लावले, प्रोग्रॅम बंद करून नव्याने सुरू केला, आकडा परत शून्यावर आला आणि चार मिनिटांत बाळाचा रिपोर्ट वॉर्डात गेला. आता लॅबमध्ये जाऊन कुठलीही चिठ्ठी बघा. हॉस्पिटलात वीस हा सगळ्यांत मोठा मान देणारा माणूस एकच आहे."

मोठ्या डॉक्टरांनी तिन्ही ओळी दोनदा वाचल्या. मग पेनाचं टोपण लावलं. त्या बारीकशा आवाजाने खोलीतल्या सगळ्यांचा श्वास सुटला.

"मग दोष कुणाच्या नावावर लिहू?" त्यांनी विचारलं.

"माझ्या," थोरली म्हणाली. "चौकट माझी. आकडा कुणीकडे वाढतो हे दोन शब्दांत लिहायचं होतं, ते मी दहा वर्षं लिहिलं नाही."

"आकडेवाल्यांचंही काम वेळेआधी सुरू झालं होतं ना?"

"ते सकाळपासून स्वतःला शिक्षा करताहेत. त्यात भर नको."

मोठे डॉक्टर हसले. पाचांपैकी कुणी तरी हसेल याची जणू बाकीचे वाट बघत होते. टायसुद्धा हसला, कारण तो हसला नसता तर वाईट दिसलं असतं. डॉक्टरांनी बडतर्फीचा कागद मामांच्या हाताखालून ओढून घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि धाकटीकडे बघून चेहरा कडक केला.

"जागा सोडून गेल्याबद्दल तुम्हाला समज देतोय. दिली. पुढच्या वेळी रजा मागा, आईसाठी कोण नाही म्हणेल? मामा, तुम्हालाही समज. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा नाही."

"नाही लावणार," मामा म्हणाले. मग चाचरत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ते बाळ एकदा बघता येईल का? लांबूनच."

"ते आज सकाळी घरी गेलं. जाताना इतकं रडत होतं, की त्याच्या फुप्फुसांविषयी आता कुणालाही शंका नाही."

मामांनी खिशातून रुमाल काढला आणि खोलीतल्या प्रत्येकाने त्या क्षणी दुसरीकडे बघितलं.

खाली आल्यावर थोरलीला धीर धरवेना. ती सरळ संगणक खोलीत गेली, धाकटीच्या खुर्चीत बसली आणि चौकट दुरुस्त करायला घेतली. चौकोनाच्या वर लिहायचं होतं, मोठा आकडा म्हणजे मागे. बदल जपायला यंत्राने मुख्य खात्याचा पासवर्ड मागितला. तिने आपला टाकला. यंत्र म्हणालं, चूक. तिने परत टाकला. परत चूक.

धाकटी मागे येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"ताई, तुमचं खातं मी तुम्ही गेलात त्याच दिवशी बंद केलंय. नियमच आहे तसा."

"बरं केलंस," थोरली म्हणाली.

"आणि आता उठा बघू. माझी जागा आहे ती."

थोरली झटकन उठली. खुर्चीवरून कुणी उठवल्याचा एवढा आनंद तिला जन्मात झाला नव्हता.